जमीन ओळखा, मग औषध द्या
(बागायत जमिनीचा पाठ : शेतकी विभागाकडून)



गटागटांतून फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, ऊस पिवळा पडलाय, वाढच नाही. कोणतं खत टाकू?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर खताच्या पोत्यात क्वचितच सापडते. ताप आलेल्या माणसाला ताप कशाने आला हे न बघता औषध पाजावे, तसाच हा प्रकार होतो. पिवळा ऊस नत्र कमी पडल्यामुळे असेल, चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्यामुळे असेल, मुळाशी पाणी तुंबल्यामुळे असेल किंवा जमिनीला मीठ फुटल्यामुळेही असेल. वरून चारही ऊस सारखेच पिवळे दिसतात. उपाय मात्र चार वेगळे आहेत. चुकीच्या उपायाने पैसा जातो, आणि कधी कधी जमीनही जाते.

म्हणून या अंकात खतांच्या मात्रा बाजूला ठेवून आपण जमिनीचीच ओळख करून घेऊ.

काळी म्हणजे कसदार, हा समज

आपल्या नदीकाठची काळी जमीन बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार. ही चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. पण धरलेले पाणी ती लवकर सोडत नाही, हा तिचा दोष. या दोषावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट. जमीन काळी आहे म्हणजे तिच्यात सेंद्रिय खत भरपूर आहे, असे नाही. काळा रंग मुख्यतः त्या मातीच्या घडणीचा आहे. सेंद्रिय कर्ब तपासला तर काळ्याभोर रानातही तो ०.५ टक्क्यांच्या खाली निघतो, आणि अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमीच. तेव्हा रंगावर जाऊ नये.

घरच्या घरी चार तपासण्या

प्रयोगशाळेच्या आधी प्रत्येक सभासदाला स्वतःच्या रानात करता येतील अशा या चार तपासण्या आहेत. खर्च काही नाही.

१) बाटलीची तपासणी. काचेच्या उभ्या बाटलीत एक तृतीयांश बारीक केलेली माती घ्या, वर पाणी भरून खूप हलवा आणि बाटली स्थिर ठेवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. तास-दोन तासांत तिच्यावर बसतो तो पोयटा. दुसऱ्या दिवशीपर्यंत सावकाश बसते ती चिकण. तीन थरांची जाडी बघितली की जमीन किती भारी, याचा अंदाज येतो.

२) खड्ड्याची तपासणी. रान वाफशावर असताना दोन फूट खोल खड्डा काढा. आधी त्याच्या भिंती नीट पाहा. मुळे कुठपर्यंत गेली आहेत? नांगराच्या तळाशी दगडासारखा घट्ट थर आहे का? चुनखडीचे पांढरे खडे कोणत्या खोलीवर सुरू होतात? माती राखट, तांबूस ठिपक्यांची दिसते का? तशी असेल तर तेथे वर्षातला बराच काळ पाणी उभे असते, असे समजावे. मग खड्डा पाण्याने भरा, ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या भरणीचे पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल, तर निचरा वाईट आहे.

३) लिंबाची तपासणी. मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस पिळा. फसफसले तर चुनखडी आहे. अशा जमिनीत स्फुरद आणि लोह असूनही पिकाला मिळत नाही. कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असा केवडा दिसतो. त्याला युरिया देऊन काय उपयोग? तेथे हिराकस शेणखतात मुरवून द्यावे लागते.

४) पेल्याची तपासणी. ही सर्वांत महत्त्वाची. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी घ्या. विहिरीचे नको, त्यातील क्षारांमुळे फसगत होते. त्यात वाळलेले, वाटाण्याएवढे ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून तुकडे तळाशी पडले व पाणी निवळ राहिले, तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही तो बसला नाही, तर जमीन चोपण होत चालली आहे, असा इशारा समजावा.

खारवट आणि चोपण एक नव्हेत

आपल्याकडे दोन्हीला सर्रास "रान बिघडलं" म्हणतात. परंतु हे दोन आजार आहेत.

खारवट जमिनीत पाण्यात विरघळणारे क्षार साठलेले असतात. उन्हाळ्यात वर पांढरा फुफाटा दिसतो. जमीन ओली असूनही ऊस तहानलेला दिसतो, कारण खारे पाणी मुळांना ओढता येत नाही. मात्र अशी माती भुसभुशीत असते आणि तिच्यात पाणी मुरते.

चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. त्यामुळे कण सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजतात. ओली असताना जमीन चिकट, वाळली की लोखंड. पाणी वर उभे, खाली कोरडे. सामू साधारणतः ८.५ च्या वर जातो.

तिसरा प्रकार खारवट-चोपण. त्यात दोन्ही आजार असतात. येथे वरची पेल्याची तपासणी फसवू शकते, कारण क्षार जास्त असले की चिकण पसरत नाही आणि पाणी निवळ दिसते. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच हवा.

हा फरक कळला नाही तर काय होते ते पाहा. खारवट रानात जिप्सम टाकले तर पैसा वाया, कारण तेथे क्षार धुऊन खाली काढण्याची गरज असते. उलट खारवट-चोपण रानात जिप्सम न टाकता नुसतेच पाणी सोडून क्षार धुतले, तर क्षार जातात, सोडियम राहतो आणि चांगले दिसणारे रान पक्के चोपण होऊन बसते. म्हणजे एकाचे औषध ते दुसऱ्याचे दुखणे.

रानात मीठ येते कोठून?

"आम्ही तर मीठ टाकलं नाही," असे सभासद म्हणतात. हिशेब करून बघू.

एका एकराला साडेसात सेंटिमीटर पाणी दिले, म्हणजे सुमारे ३ लाख लिटर पाणी झाले. विहिरीच्या पाण्याची क्षारता १ डेसिसायमन धरा. असे पाणी आपल्या भागात काही विशेष नाही. त्यात लिटरमागे सुमारे ०.६४ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एका पाळीत एकरी सुमारे १९० किलो क्षार रानात गेले. वर्षाला २० पाळ्या दिल्या, तर ३८ क्विंटल! ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवते; क्षार बहुतेक सगळे मागेच राहतात. पावसाने ते धुतले जाऊन चरातून बाहेर गेले तर बरे. वाट नसेल तर ते साठत जातात. कालव्याच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण तेथे पाणी हाताशी असल्यामुळे पाळ्या वाढतात आणि भूजल वर येते. भूजल ५ फुटांच्या आत आले की भारी माती दिव्याच्या वातीसारखी खारे पाणी वर ओढते.

ही गोष्ट नवी नाही. नीरा डाव्या कालव्याला पाणी १८८५ च्या सुमारास आले. त्यानंतर पाव शतकातच नीरा खोऱ्यातील जमिनी क्षारांनी इतक्या बिघडल्या की पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांना त्यांचा खास अभ्यास करावा लागला. तो १९१० साली प्रसिद्ध झाला. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र त्याच नीरा खोऱ्यात १९३२ साली निघाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पहिल्या बागायतदारांनी जो धडा मोठी किंमत देऊन घेतला, तोच कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि प्रवरेच्या काठी पुढच्या पिढ्यांना पुन्हा घ्यावा लागला.

उसाचे नुकसान किती? शास्त्रज्ञांचा ढोबळ आडाखा असा की मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता १.७ च्या पुढे गेली की दर एककाला उत्पन्न जवळजवळ ६ टक्के घटते. एकरी ५० टन देणाऱ्या रानाची क्षारता ८ झाली, तर तेथे ३१-३२ टनच हाती येतात. खते, मजुरी आणि पाणीपट्टी मात्र तीच राहते. शिवाय अशा उसाच्या रसात क्षार जास्त उतरतात आणि साखरेचा उतारा घटतो. तेव्हा हा प्रश्न सभासदाच्या बांधापाशी थांबत नाही, तो कारखान्याच्या काट्यापर्यंत येतो.

पहिला उपाय पाण्याची वाट

जमीन कोणत्याही प्रकारे बिघडलेली असो, पहिले काम निचऱ्याचे. निचऱ्याशिवाय जिप्सम, ताग, शेणखत, काहीच पुरते लागू पडत नाही. जिप्सममुळे सुटलेला सोडियम जायला वाट नसेल तर तो तेथेच राहणार.

सर्वांत आधी बुजलेले नाले आणि ओघळी मोकळ्या करा. रानाच्या वरच्या अंगाने पाझर येत असेल तर आडवा चर काढा. उघड्या चरात जमीन जाते, म्हणून पुष्कळांना तो नको वाटतो. तेथे जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप टाकण्याची पद्धत आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने या विषयावर काम केले आहे, आणि शिरोळ तालुक्यात श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी पाइपांची जाळी टाकून पडीक झालेली राने पुन्हा उसाखाली आणली आहेत.

"एकत्र येऊन" हा शब्द मुद्दाम वापरला. एकट्याचा चर त्याच्या बांधापर्यंतच जातो. पुढच्याने वाट दिली नाही तर पाणी तुंबतेच. आणखी एक कडू गोष्ट सांगायला हवी. वरच्या सभासदाने रात्रभर मोटार चालू ठेवून दिलेले जादा पाणी खालच्या सभासदाच्या रानात मीठ होऊन निघते. वरच्याचा ऊस हिरवा, खालच्याचा सातबारा पांढरा! दोघेही एकाच कारखान्याचे भागीदार. ऊस तोडीला आपण टोळी वाटून घेतो, तशी पाण्याची वाटही वाटून घ्यायला हवी. गटवार बैठकीत प्रत्येक शिवाराने आपल्या नाल्याचा विषय घ्यावा, असे आमचे सांगणे आहे.

पाणी कमी देणे हाही निचराच आहे. सरी भरून वाहीपर्यंत पाणी द्यायची गरज नाही. वाफसा बघूनच पाळी द्यावी. ठिबकने पाण्यात साधारण ४० टक्क्यांपर्यंत बचत होते. मात्र ठिबकच्या रानातही ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार जमतात, म्हणून पावसाळ्यात ते धुऊन जायला वाट ठेवावी.

मग जिप्सम, मग हिरवळ

चोपण व खारवट-चोपण रानात अहवालात सांगितल्याप्रमाणे जिप्सम द्यावे. शेजाऱ्याने किती टाकले ते बघून टाकू नये. जिप्सम वरच्या चार ते सहा इंचांच्या थरातच मिसळावे, खोल नांगरून गाडू नये. त्यानंतर वाफे बांधून चांगले पाणी द्यावे किंवा पावसाचे पाणी रानात मुरवावे. चुनखडीच्या चोपण रानात गंधकही चालते. जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करते. मात्र त्याला वेळ लागतो.

यानंतर धैंचा घ्यावा. क्षार आणि पाणथळ दोन्ही तो सोसतो. चांगल्या रानात ताग चालेल. मेअखेरीस पाणी देऊन पेरला आणि फुलावर येताना, म्हणजे ४५ ते ५० दिवसांनी गाडला, तर तो कुजून आडसाली लागणीला रान तयार मिळते. फूल निबर होऊ देऊ नये, खोड चिवट झाले की लवकर कुजत नाही.

पाचट : घरची पेंढी, घरचे खत

आता राहिला सेंद्रिय कर्ब. शेणखत एकरी ८-१० टन द्या म्हणणे सोपे आहे. गोठ्यात जनावरे किती उरली आहेत, हे आम्हालाही दिसते. पण आपल्या रानात दरवर्षी एकरी ३ ते ४ टन पाचट तयार होते, ते कोणी विकत देत नाही. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, एक टक्क्याच्या आसपास पालाश, थोडा स्फुरद आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ४ टन पाचटाचा हिशेब केला तर सुमारे २० किलो नत्र आणि टनभराहून अधिक कर्ब होतो. काडी ओढली की कर्ब आणि नत्र जवळजवळ पूर्ण धुरात जातात. पालाश राखेत राहतो, पण त्यातलाही काही भाग वाऱ्यावर उडतो.

"पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो," ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारणही आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. ते कुजवणारे जिवाणू नत्रासाठी उसाशी स्पर्धा करतात. म्हणून त्यांचा वाटा आधी द्यावा. पाचट सरीत दाबून घ्यावे, उघडे पडलेले बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि पाचटावर एकरी सुमारे ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणकाल्यात मिसळून टाकावेत. मग पाणी द्यावे. पुढे वाफशावर बगला फोडल्या की माती पाचटावर पडते आणि ते लवकर कुजते.

कारखान्याचा प्रेसमडही चांगला, पण ताजा नको. ताजा प्रेसमड तापतो आणि कोंबांना इजा करतो. खड्ड्यात कुजवून मगच वापरावा.

तोडणीच्या वेळी ओल्या रानात भरलेला ट्रॉलीचा ट्रॅक्टर घालू नये. एका खेपेने जी माती दबते, ती मोकळी व्हायला पुढचे वर्ष जाते.

नमुना कसा घ्यावा

सगळ्याचा पाया माती परीक्षण. २०१५ पासून सरकारच्या मृद आरोग्य पत्रिका योजनेतून पत्रिका मिळतात. पण नमुना चुकीचा घेतला तर पत्रिका काय करणार?

एकसारख्या रानाचा एक नमुना. नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा, सुमारे एक फुटाचा खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याजवळची आणि विहिरीजवळची जागा टाळावी. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत. असे करत अर्धा किलो ठेवावी. खत दिल्यानंतर तीन महिने नमुना घेऊ नये. रान बिघडल्याची शंका असेल तर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी. क्षार कोणत्या थरात आहेत, हे त्यावरून कळते. सोबत विहिरीच्या पाण्याची बाटलीही द्यावी.

अहवाल आल्यावर क्षारता कोणत्या पद्धतीने मोजली ते विचारावे. माती पाण्यात कालवून मोजलेला आकडा आणि संपृक्त अर्काचा आकडा यांत फरक असतो. कालवलेल्या मातीचा आकडा लहान दिसतो, म्हणून निर्धास्त राहू नये.

पाठाचे सार

आधी ओळख, मग वाट, मग औषध, मग खुराक. म्हणजे आधी तपासणी, नंतर निचरा, नंतर गरज असेल तर जिप्सम, आणि शेवटी दरवर्षी न चुकता पाचट व हिरवळ. हा क्रम उलटा केला की खर्च दुप्पट आणि फळ निम्मे.

ऊस मोडला तर पुढच्या वर्षी लावता येतो. बाजार पडला तर पुन्हा चढतो. पण एकदा पांढरे पडलेले रान परत काळे करायला वर्षे जातात, आणि तोवर घरातली तरणी पोरे शेतीवरून मन काढून घेतात. म्हणून या हंगामात तोडणी झालेल्या प्रत्येक सभासदाने निदान एका प्लॉटमध्ये पेल्याची तपासणी करावी आणि एका फडाचे पाचट राखावे. पाण्यात ढग दिसला तर आमच्या गट कार्यालयात ढेकूळ घेऊन या. कोणते खत टाकायचे, ते त्यानंतर ठरवू.